ठकूमावशीचा पाय आणि देवीची लस

मी जी नोकरी केली ती आता कुणालाच मिळायची नाही. ती संपवण्यासाठीच सरकारनं आम्हाला ठेवलं होतं आणि आम्ही ती इमानेइतबारे संपवून टाकली. मी देवी काढायचो. म्हणजे देवीची लस टोचायचो. सरकारी कागदावर मी व्हॅक्सिनेटर, गावात देवीडॉक्टर, आणि मला लांबून बघूनच शेताकडे धूम ठोकणाऱ्या पोरांच्या तोंडी 'टोच्या'. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत (जिल्हा तेव्हा कुलाबा, रायगड हे नाव मागाहून आलं) त्या काळात जन्मलेल्या कुणाचीही बाही वर करा. वण दिसेल, आणि तो बहुतेक माझ्याच हातचा असेल.

परवा पेपरात एक बातमी वाचली. मेलॅनोमा नावाचा कातडीचा कॅन्सर असतो, काळ्या डागापासून सुरू होणारा. त्याच्या गाठीत हल्ली परदेशात चक्क विषाणू टोचतात म्हणे. शरीराची स्वतःची ताकद जागी होते आणि ती त्या गाठीवर तुटून पडते. नातू म्हणाला, "आजोबा, केवढं नवीन!" मी म्हटलं, "कप्पाळ नवीन! पोशीरच्या एका बाईच्या पायावर मी स्वतः टोचलाय असा विषाणू, तुझा बाप शाळेत होता तेव्हा." नातू हसला. म्हाताऱ्याच्या फुशारक्या वाटल्या असतील त्याला. मग मात्र दिवसभर ठकूमावशी डोक्यातून जाईना. दिवाळी अंकासाठी देवीच्या आठवणी लिहा असा संपादकांचा तगादा होताच. मी लिहायला बसलो तो तिच्याबद्दलच.

आधी आमचं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. देवीची लस म्हणजे औषध नव्हे. तो जिवंत विषाणू. देवीच्या रोगाचा लांबचा भाऊ म्हणा, पण गरीब स्वभावाचा. तो दंडावर टोचला की चौथ्या दिवशी लाल पुटकुळी येते, आठव्या दिवशी ती पुवानं भरते, ताप येतो, मग खपली धरते आणि वण राहतो. असं झालं की आम्ही म्हणायचो, 'लागली'. नाही झालं तर परत टोचायचं. सुरुवातीला माझ्याकडे फिरकी होती. दंडावर टेकवून गर्रकन फिरवायची. तिचं नाव काढलं तरी पोरं किंचाळत. पुढे दोन टोकांची बारीक सुई आली, काट्याचमच्यातल्या काट्यासारखी. तिच्या दोन टोकांत लशीचा थेंब धरायचा आणि एकाच जागी भराभर पंधरा टोचे मारायचे. बस्स. रक्त आलं-न-आलं एवढंच. माझा हात त्यात इतका बसला होता की झोपलेलं पोर जागं न होता त्याला टोचून मी उठत असे. हे खोटं वाटत असेल तर पोशीर-नेरळकडच्या कुणाही म्हातारीला विचारा.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक आजोबा दरवर्षी मला बघितलं की सदरा काढून दंड पुढे करत, "ही बघा पावती, परत नाय टोचायचं." आया तर भारीच हुशार. माझ्यासमोर पोराला मुकाट्यानं टोचून घेत आणि मी वळलो की घरामागे जाऊन लस पुसून टाकत, वर हळद चोळत. म्हणून मी टोचून झाल्यावर पोराचा हात उघडा ठेवून पाच मिनिटं समोर बसवायचोच. आयांशी गप्पा मारायचो, चहा मागायचो, पण हलू द्यायचो नाही. लोकांना वाटे, देवीडॉक्टर फार गप्पिष्ट. अहो, पहारा चालायचा तो माझा!

आणि एक गोष्ट मी मोठ्या तोऱ्यात मिरवायचो. लस कुपीत भुकटी म्हणून यायची, आणि एकदा द्रावात विरघळवली की उन्हात किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली तर मरायची. माझ्या हातून लशीची एक कुपी कधी बिघडली नव्हती. तालुक्याच्या सभेत मी नव्या लोकांना यावर भाषणं द्यायचो. त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे बघायचोही नाही.

पोशीरला ठकूमावशी भेटली ती नातवाला टोचून घ्यायला आली तेव्हा. पन्नाशीची बाई, काटक, मोठ्या आवाजाची. नवरा लवकर वारलेला. भाताची शेती तीच बघायची. मुलगा शांताराम साजगावच्या एका कारखान्यात कामाला होता आणि तिकडेच खोली घेऊन राहायचा. सुट्टीला घरी यायचा. सून आणि नातू मावशीपाशी. आख्ख्या पोशीरमध्ये लावणीला तिच्या पुढे कुणी जात नसे. चिखलात उतरली की ओळ सरळ, रोपं मोजल्यासारखी, आणि तोंडानं बायकांची टिंगल चालू.

ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. टाच माझ्याकडे. टाचेवर काळा डाग.

"मावशी, हे काय?"

"कुरूप झालंय. बिब्बा लावलाय त्याला."

आमच्या भागात कुरूप, भेग, काटा, सगळ्याला बिब्बा. बिब्ब्यानं कातडी काळी पडतेच, त्यामुळे काळ्या टाचेकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. पण माझी अर्धी जिंदगी कातडी बघण्यात गेली होती. बिब्ब्याचा डाग कडेला फिकट होत जातो. याची कड वाकडीतिकडी होती आणि मधे ओलसर. मी विचारलं, "बिब्बा कधी लावलात?"

"दिवाळीत."

शिमगा झाला होता. दिवाळीचा बिब्बा शिमग्यापर्यंत टिकत नाही. मी म्हटलं, "मावशी, उद्या आरोग्य केंद्रात यायचं."

"आनि आमचा मळा तुमी राखनार?" तिनं मला उडवून लावलं. पण मी शांतारामला साजगावला निरोप धाडला. पोरगा गुणी होता, दुसऱ्याच दिवशी रजा टाकून आला. केंद्रातून मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिची रवानगी झाली. टाचेवरचा डाग खोलवर कापून काढला, जांघेतल्या गाठी काढल्या, मांडीची कातडी काढून टाचेला लावली. पुढच्या लावणीला मावशी लंगडत का होईना चिखलात उभी होती. मला वाटलं, जिंकलो.

दोन वर्षं गेली आणि तिच्या पोटरीवर उडदाएवढ्या काळ्या गाठी आल्या. एक, मग तीन, मग मोजायचं सोडून दिलं. मी तिच्याबरोबर मुंबईला गेलो, कारण शांतारामला सारखी रजा मिळत नव्हती. तिथले मोठे डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी पोटरी दाबून बघितली आणि म्हणाले, "आजी, पाय मांडीतून काढावा लागेल."

"मंग चिखलात काय हातावर चालू?" मावशी म्हणाली.

"जीव महत्त्वाचा की लावणी?"

"तुमी कापायचं सोडून दुसरं काय हाय ते सांगा ना."

मला वाटलं, डॉक्टर आता रागावणार. पण ते हसले.  मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी सांगितलं, देवी काढतो. त्यांचे डोळे चमकले. ते परदेशात शिकत असताना तिथे अशा गाठींवर देवीची लस टोचून बघत होते. काहींना गुण आला, काहींना नाही. इथे त्यांनी अजून केलं नव्हतं.

मावशीला त्यांनी जे समजावलं ते मी आजवर विसरलेलो नाही. ते म्हणाले, "आजी, तुमच्या गावात चोर शिरलाय. पण त्यानं घरच्या माणसाचे कपडे घातलेत. त्यामुळे कुत्री भुंकत नाहीत. आपण त्या चोराच्या अंगावर असं काहीतरी टाकायचं की त्या वासानं कुत्री उठलीच पाहिजेत. एकदा उठली की ती चोराचाही फडशा पाडतील."

मावशीनं लगेच विचारलं, "आनि आमाला नाय चावनार ती?"

"थोडी चावतील. ताप येईल, पाय सुजेल. पण चावली तर चांगलंच समजायचं."

अट एकच होती. आठ आठवडे बघायचं. पायावर काही उठलं नाही तर मात्र पाय काढायचा, कारण गाठी मांडीच्या वर सरकल्या की मग पाय काढूनही उपयोग नव्हता. आणि टोचायचं ते घरी. हॉस्पिटलात अशक्त रोगी असतात, त्यांना जिवंत लशीची लागण नको. "तुमच्याइतका सरावाचा हात माझ्याकडे नाही," असं ते मला म्हणाले. त्या दिवशी मी घरी आलो तो हवेतच.

दर गुरुवारी दुपारी मी सायकलनं पोशीरला जायचो. तिथेच ताजी कुपी फोडायची, लस विरघळवायची, आणि पोटरीवरच्या प्रत्येक गाठीच्या माथ्यावर टोचे मारायचे. नातवाला आधी टोचलेलंच होतं, त्यामुळे घरात लागणीची भीती नव्हती. मावशी ओट्यावर बसलेली असायची, पाय घोंगडीवर ठेवून, लुगडं गुडघ्यापर्यंत नीट खोचून. पाय इतका लख्ख की बघत राहावं. मी मान खाली घालून काम उरकायचो. तीही दुसरीकडे बघायची. माझ्यापेक्षा वयानं मोठी बाई, तिच्या पायाला मी हात लावायचा, दोघांनाही जरा अवघडल्यासारखंच होई. मग मी चहा पीत पाच मिनिटं बसायचो.

पहिला गुरुवार गेला. आठ दिवसांनी बघतो तर काही नाही. म्हटलं, एक वेळ लागत नाही, होतं असं. दुसरा, तिसरा, काही नाही. चौथ्याला मी मुंबईला पत्र घातलं. डॉक्टरांचं उत्तर आलं की लहानपणी देवी काढलेल्या माणसाला लस उशिरा लागते, चालू ठेवा. माझीही तीच समजूत होती. शिवाय मावशीच्या दंडावर लहानपणीचे दोन वण होतेच. कारण हातात होतं, मग दुसरं कुणी शोधतंय कशाला! पाचवा गुरुवार, सहावा गुरुवार. गाठी मात्र मजेत होत्या. एक गुडघ्याच्या वर आली. सुनेनं मला गुपचूप सांगितलं, "आत्या सांच्यापारी देवापुढं बसून पायाला बोलतेत. म्हनत्यात, अरं, जाऊ नको रं." हे ऐकल्यावर मी चहा तसाच ठेवून उठलो.

डॉक्टरांचं पत्र आलं, मुंबईला आणा, पाय काढायची तयारी ठेवा. तरी सातवा गुरुवार होता. मी म्हटलं, शेवटचं टोचून घेऊ, आपल्या मनाला चुटपुट नको.

त्या दिवशी नेरळच्या पुढे माझ्या सायकलचं टायर फुटलं. सायकल दुकानात टाकून मी एका टेंपोतून फाट्यापर्यंत गेलो आणि पुढे चालत. एरवी वळणावर आलो की मी घंटी वाजवायचो, म्हणजे मावशी तयार राहायची. त्या दिवशी घंटी नाही. मी अंगणात पोचलो तेव्हा मावशी पाठमोरी बसली होती. सून रस्त्याकडे बघत दारात उभी होती. मला बघून ती गडबडली, "आत्या, आलं डाक्टर!"

मावशीच्या हातात कापूस होता. बाजूला निळी बाटली. ती पोटरीवरून कापूस फिरवत होती, घासून घासून, एकेका गाठीवरून. वास माझ्या नाकात घुसला.

स्पिरिट.

आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात ती ही. बाकी कुठलंही इंजेक्शन द्या, आधी स्पिरिट लावा. देवीला नाही! कातडी मळकी असेल तर पाण्यानं पुसा, कोरडी करा, पण स्पिरिट नाही. कारण ती लस जिवंत असते आणि ओलं स्पिरिट तिला जागच्या जागी मारतं. हजारो दंडांना मी हात लावण्याआधी विचारलंय, 'काय लावलंय का? कशानं पुसलंय?' पोराच्या दंडाला विचारलं, पाटलाच्या दंडाला विचारलं, मास्तरांच्या दंडाला विचारलं. या बाईला सहा आठवड्यांत एकदाही विचारलं नाही. अवघडलो म्हणून. आणि वास? अहो, सुया भाजायला माझ्या पिशवीत स्पिरिटचा दिवा असायचा. माझ्या सदऱ्याला, हाताला, जेवणाच्या डब्यालासुद्धा तोच वास. बायको त्यावरून रोज बोलायची. त्या ओट्यावर तो वास येत असणार, पण मला तो माझाच वाटला.

"हे कधीपासून लावता, मावशी?"

"पयल्या दिसापासनं. शांतारामनं आनलीय बाटली, त्येच्या कारखान्यातल्या औषधाच्या पेटीतनं." ती लाजत म्हणाली, "तुमची घंटी वाजली की पुसून घेते. आज घंटी नाय आली, म्हनून वाट बघून आदीच घेतलं पुसून. तुमी हात लावनार, पाय घान कसा ठिवू?"

मी ओट्यावर बसलो.  माझ्या तोंडाशी आलं होतं की अहो बाई, तुम्ही दर गुरुवारी स्वतःचं औषध स्वतःच्या हातानं मारलंत! मी तिच्या तोंडाकडे बघितलं. सात आठवड्यांत ती किती उतरली होती! पुढच्या आठवड्यात पाय कापायला निघालेली बाई. तिला हे सांगायचं? आणि मग ते शांतारामला कळणार, ज्यानं आईला जपायला म्हणून बाटली आणली. उरलेला जन्म त्या दोघांनी त्या बाटलीकडे बघत काढायचा? विचारणं हेच ज्याचं पोटापाण्याचं काम होतं, त्यानं विचारलं नव्हतं. चूक माझी होती.

मी म्हणालो, "मावशी, आज टोचत नाही. लस बिघडलेली दिसते."

"म्हंजे?"

"माझ्याकडून उन्हात राहिली. आधीच्याही तशाच असणार. म्हणून लागत नाही. मी मुंबईहून नवी आणतो. फक्त एक लक्षात ठेवा, त्या नव्या लशीला स्पिरिट चालत नाही. निव्वळ पाण्यानं धुवायचं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग बाटली सुनेच्या हातात दिली. "ठिव गं आत," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मुंबई गाठली. डॉक्टरांना खरं सांगता आलं असतं, पण त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं असतं, आणि केसपेपर शांताराम वाचायचा, त्याला इंग्रजी येत होतं. म्हणून त्यांनाही तेच सांगितलं. आदल्या दिवशी विरघळवलेली लस दुसऱ्या दिवशी वापरली, पिशवी उन्हात राहिली. सहाही वेळा.

ते खुर्चीतून उठले. मला अजून तो आवाज ऐकू येतो. "किती वर्षं नोकरी केलीत? आणि हे? एका बाईचा पाय आहे हो तो! तुमच्या भरवशावर सोडला होता मी!" सगळा वॉर्ड बघत होता. मी उभा होतो, मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखा. शेवटी मी एवढंच म्हणालो, "साहेब, मला शिक्षा करा, पण तिला अजून चार आठवडे द्या. ताजी लस घेऊन बघू."

त्यांनी दिले. पण माझ्या वरिष्ठांना पत्रही लिहिलं. मला ज्ञापन, म्हणजे मेमो, मिळालं, सेवापुस्तकात नोंद झाली, 'लशीची हेळसांड'. तालुक्याच्या पुढच्या सभेत मी उभा राहिलो तर मागून कुणीतरी म्हणालं, "आज ऊन जास्त आहे, साहेबांना सावलीत बसवा!" सगळे खो-खो हसले. माझ्या भाषणांनी पकले होते बिचारे, त्यांचीही चूक नाही. माझं सुपरवायझर होणं तेवढ्यावर राहिलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं ते मनाला. बायकोलाही मी खरं सांगितलं नाही. ती महिनाभर मला येताजाता विचारायची, "आज पिशवी उन्हात नाही ना ठेवली?"

पुढच्या गुरुवारी मी पोशीरला गेलो तेव्हा पाय पाण्यानं धुतलेला, कोरडा. मी वाकून वास घेतला, लाज सोडून. मग टोचलं. प्रत्येक गाठीवरचे पंधरा टोचे तोंडानं मोजले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. रजा टाकून गेलो. अंगणात पाऊल टाकायच्या आधीच मावशीचा आवाज आला, "डाक्टर! कुत्री उठली वो! चावत्यात!"

पोटरी लालबुंद, प्रत्येक गाठीच्या डोक्यावर पुटकुळी. अंगात सणसणून ताप. मावशी घोंगडीत कुडकुडत होती आणि हसत होती. मी ओट्यावर बसून चक्क रडलो. सून घाबरली. तिला वाटलं, आत्या आता जातेय.

मग त्या घरात देवी आल्याचं सगळं पाळणं सुरू झालं. दाराला कडुनिंबाचा टहाळा, घरात फोडणी बंद, बाहेरच्यानं उंबरा ओलांडायचा नाही. शेजारणी लांबूनच हात जोडत. एरवी मी अशा गोष्टींवर चिडायचो. तेव्हा म्हटलं, पाळा गं बायांनो, जे पाळायचं ते पाळा, फक्त पायाला काही लावू नका. बाहेरच्यांना आत येऊ देत नव्हते हे तर माझ्या पथ्यावरच पडलं. गावात टोचून न घेतलेली पोरं होतीच.

आठव्या दिवशी पू, मग खपल्या. खपल्या पडल्यावर पोटरीवरच्या ज्या गाठी विरल्या नव्हत्या त्यांना परत टोचलं. तीन महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांनी तो पाय बघितला तेव्हा जिथे गाठी होत्या तिथे पांढरे, गोल, दबलेले वण होते. गुडघ्याच्या वरची जी गाठ मी टोचलीच नव्हती, तीसुद्धा विरली होती. डॉक्टर पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघत होते. फोटो काढले. मला म्हणाले, "त्या दिवशी मी फार बोललो." मी म्हटलं, "बरोबरच बोललात, साहेब."

त्या वर्षी पाय चिखलात घालायचा नाही असा हुकूम होता. मावशी बांधावर खाट टाकून बसली आणि तिथून बायकांवर ओरडत राहिली. पुढची तीन वर्षं मात्र ती लावणीला उतरली. दोन्ही पायांवर. मी मुद्दाम जायचो बघायला. मला बघितलं की ती भर शेतात ओरडायची, "ह्ये आलं आमचं डाक्टर! लस उनात उबवनारं!" बायका खिदळायच्या. सगळ्या पोशीरला तिनं ते सांगून ठेवलं होतं. मीही हसायचो. त्या शेतात मी जितका सुखी होतो तितका नोकरीत दुसरीकडे कुठे नव्हतो.

तोवर देशातून देवी गेल्या. आम्हाला मलेरियाच्या, कुटुंबनियोजनाच्या कामाला लावलं. दोन टोकांच्या सुया केंद्राच्या कपाटात पडल्या आणि लशीच्या उरलेल्या कुप्या वर परत गेल्या. पोरं मला बघून पळेनाशी झाली. तेव्हा बरंही वाटलं आणि कुठेतरी चुकल्यासारखंही वाटलं.

चौथ्या वर्षी मावशीला खोकला लागला. एक्स-रे फोटोत छातीत गाठी दिसल्या. डॉक्टर म्हणाले, तिथे सुई पोचत नाही, आणि आत गेलेल्या आजाराला या लशीचा गुण येताना त्यांनी पाहिला नव्हता. मी त्यांना विचारलं, "साहेब, ते पहिले सहा आठवडे वाया गेले नसते तर?" त्यांनी फोटो परत उजेडात धरला. मग म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित त्याच सहा आठवड्यांत ते वर गेलं असेल." तो 'कदाचित' मी आजवर उराशी घेऊन बसलोय.

शेवटचा भेटलो तेव्हा भर दुपार होती. मावशी पडवीत खाटेवर, उशांना टेकून. दोन शब्द बोलली की धाप लागायची. तिनं सुनेला चहाला आत पाठवलं आणि मला जवळ बोलावलं.

"डाक्टर, येक इचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"ती पयली लस... ती खरंच उनानं बिघडलेली?"

"हो, मावशी."

"सहाबी?"

"सहाही."

ती डोळे मिटून पडली. मला वाटलं, झोप लागली. मग तशीच, डोळे न उघडता म्हणाली, "आनि त्या लशीला इस्पिरिट चालत व्हतं ना?"

 आत चुलीवर चहा उकळत होता, त्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "चालत होतं, मावशी. त्या लशीला चालत होतं."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग तिचा हात खाटेवरून सरकत आला आणि माझ्या मनगटावर बसला.

"बरं," ती म्हणाली. "मंग शांतारामला कायबी सांगू नका. आनि तुमाला मी माफ केलं."